तंबूतली हाक

धोंडूचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. "आत्या, माय गेली," एवढंच तो म्हणाला आणि फोन तसाच हातात धरून राहिला असावा, कारण मागची दवाखान्यातली गडबड मला ऐकू येत होती. मी म्हटलं, "बरं." बरं! सख्ख्या वहिनीच्या मरणाची बातमी ऐकून माझ्या तोंडातून निघालं ते हे. मग मी उरलेली जुडी निवडली, पानं धुऊन चाळणीत निथळत ठेवली, दूध शेजारच्या बाईंकडे दिलं, कुलूप लावलं आणि वाशीमच्या स्टँडवर येऊन कारंजाची बस धरली. खिडकीजवळची जागा मिळाली याचं मला बरं वाटलं, हेही सांगून टाकते. रस्त्यात मंगरुळपीरला बस थांबली तेव्हा मी चहासुद्धा प्यायले.

आता दीडेक महिना होत आला. लोक विचारतात, धक्का बसला असेल ना? धक्का-बिक्का काही नाही. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल कसा आपला असून आपला नसतो, तसं चाललंय. जेवते, झोपते, पेन्शनच्या कामाला बँकेत जाऊन येते. मातीला मी रडले नाही, दहाव्याला नाही, तेराव्यालाही नाही. आता मयताच्या घरी नणंद रडली नाही म्हणजे बायकांना केवढं काम मिळतं! तेराव्याच्या पंगतीत माझ्या पाठीमागे दोघी बोलत होत्या, "विमलबाईच्या डोयात टिपूस नाई पाह्य. एवढा जीव होता म्हणे दोघींचा." मी मागे वळून म्हटलं, "वरण वाढू का?" त्यांचं काही चुकलं नव्हतं म्हणा. जीव होताच. म्हणून तर हे लिहायला बसले आहे, कदाचित लिहिताना तरी काही होईल.

वहिनी केनवडची. लग्न होऊन आमच्याकडे कामरगावला आली तेव्हा मी शाळेत होते, सत्तरचं दशक नुकतं सुरू झालेलं. आमचं बसस्टँडजवळ किराण्याचं छोटं दुकान. बाबा गल्ल्यावर, आई घरात आणि सगळ्या घरावर. दादा कारंजाला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता, तो शनिवारी संध्याकाळी यायचा आणि सोमवारच्या पहिल्या गाडीनं जायचा. म्हणजे वहिनीचा संसार झाला तो जास्त करून आमच्याशीच. ती दिसायला किरकोळ, पण आवाज असा की विहिरीवरून हाक मारली तर दुकानातल्या गिऱ्हाइकानं वळून पाहावं. आई म्हणायची, "हळू बोल वं, घरात पाहुणे नाईत काय कोणी?" ती म्हणायची, "पाहुण्यायले बी ऐकू येऊ द्या ना आत्याबाई." हजरजवाबी होती. आईशी तिचं भांडण कधी झालं नाही, कारण भांडण सुरू व्हायच्या आत आईला हसू यायचं. घरात ती मला 'बाई' म्हणायची, अहोजाहो करायची. आई पाठमोरी झाली की 'विमे'.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तिला मुलगी झाली. गोरी, केसाळ, सारखी कोणाच्या तरी कडेवर. मला म्हणायची 'ईम्मी'. दुकानातल्या गुळाच्या ढेपेला जीभ लावायची आणि बाबा पाहतात म्हटल्यावर ढेपेवरच डोकं टेकून झोपल्याचं सोंग करायची. तिचं तिसरं वर्ष अजून पुरं व्हायचं होतं. उन्हाळ्यात गोवर आला, घरोघरी पोरांना आला होता, कोणी एवढं मनावर घेतलं नाही. मग ताप उतरेना. जीपनं कारंजाला नेली आणि त्याच जीपनं परत आणली... बायकांनी वहिनीला आतल्या खोलीत बसवून ठेवलं आणि पुरुष मंडळी पोरीला घेऊन गेली. एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. त्याचं दहावं नाही, तेरावं नाही, श्राद्ध नाही. संध्याकाळी घरात चूल पेटली. दुसऱ्या दिवशी बाबांनी दुकान उघडलं.

आणि आमच्याकडे एक रीत होती. आमच्याच का, आसपास पुष्कळ घरांत होती. लहानपणी गेलेल्या लेकराचं नाव परत घ्यायचं नाही. नाव घेतलं की त्याचा जीव घुटमळतो, आणि पाठीवर येणारं लेकरू टिकत नाही. आईनं हे एकदाच सांगितलं, चुलीसमोर बसून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आजपासून थे नाव या घरात नाई." आई काही दुष्ट नव्हती. तिची स्वतःची दोन गेलेली होती, त्यांची नावं आम्हाला अजूनही माहीत नाहीत. टोपडी, झबली, लाकडी घोडा, सगळं त्याच आठवड्यात गेलं. फोटो काढलेलाच नव्हता. दादा शनिवारी आला, माडीवर जाऊन झोपला आणि सोमवारी गेला. म्हणजे महिन्याभरात असं झालं, की त्या पोरीचं जगात काही शिल्लक राहिलं असेल तर ते नाव, आणि ते तोंडातून काढायची बंदी. वाचणाऱ्यांच्या लक्षात आलं असेल, मीही अजून ते लिहिलेलं नाही. हात वळत नाही. पन्नास वर्षांची सवय आहे.

वहिनी रडली नाही. पहिल्या दिवशी नाही, नंतरही नाही. तो आवाजच गेला. हाक मारली तर ओ द्यायची, भाकरी थापायची, पाणी भरायची, पण विहिरीवर दोर ओढता ओढता मध्येच थांबली की थांबलेलीच. घागर अर्ध्यावर लटकलेली आणि ही आपली उभी. मागच्या बायका ओरडायच्या तेव्हा परत ओढायला लागायची. आईला काळजी लागली. "रडली नाई तर बयाड होईन हे," असं ती शेजारणीला सांगताना मी ऐकलं. कामरगावात तशी एक बाई होती, लेकरू गेल्यावर वेडी झालेली, तिला माहेरी नेऊन सोडलं होतं आणि नवऱ्यानं दुसरी केली होती. तिचं नाव आमच्या घरात कोणी काढलं नाही, पण सगळ्यांच्या मनात तीच होती. माझ्या तर होतीच. मी रात्री वहिनीजवळ झोपायची आणि ती जागी आहे हे मला कळायचं, तिलाही कळायचं की मला कळतंय. पण बोलायचं काय? जे बोलायचं ते तर बोलायचंच नव्हतं.

दिवाळी झाली, कापूस घरात आला, लोकांच्या हातात चार पैसे खुळखुळले आणि बाजाराच्या मैदानावर टुरिंग टॉकीजचा तंबू लागला. दर वर्षी लागायचा. मालक शब्बीरचाचा, आणि बायकांच्या बाजूच्या दारावर त्यांची बायको, तिला सगळं गाव खाला म्हणे. मध्ये कनात बांधून बायकांची बाजू वेगळी केलेली. घरून पोतं न्यायचं, अंथरायचं, फुटाण्याची पुडी सोडायची आणि जनरेटर सुरू व्हायची वाट पाहायची. दिवसभर गावातून बैलगाडी फिरायची, तिच्यावर पाट्या आणि भोंगा. त्या साली भोंगा ओरडत होता, 'अंधी कोठी, अंधी कोठी, कमजोर दिलवाले न आएँ!' आता कमजोर दिलवाले येऊ नका म्हटल्यावर अख्खं गाव जाणार, हे शब्बीरचाचांना चांगलं ठाऊक होतं. वहिनी दारात तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं. आत येऊन ती आईला म्हणाली, "आत्याबाई, मी शिनिमाले जातो."

आई बघतच राहिली. "लेकरू जाऊन सहा महिने नाई झाले वं!"

"तुमीच म्हणता ना, लहान लेकराचं सुतक नसते, वर्ष पाळत नाईत," वहिनी म्हणाली. आवाज चढवला नाही, कामाची गोष्ट विचारावी तसं म्हणाली. "मंग शिनिमाले जाले काय हरकत हाये?"

गाठ आईनंच बांधलेली होती. चुलीतली राख सारखी करून ती म्हणाली, "विमलले सोबत घेजो." त्या काळी कोणत्याच सासूनं हे ऐकून घेतलं नसतं, आणि गावात बोलणी झालीच. मूल जाऊन सहा महिने आणि ही पिक्चर पाहायला चालली, लाज कशी वाटत नाही! मला तर रस्त्यानं जाताना पदर तोंडावर घ्यावासा वाटत होता. ती मात्र पोतं काखेत मारून सरळ चालली होती.

'अंधी कोठी' तुम्ही पाहिलेला नसेल. मोठ्या गावातल्या कोणी नावही ऐकलं नसेल. दीड-दोन खोल्यांत आणि एका जिन्यावर अख्खा पिक्चर उरकला होता. तोच जिना नायिका चढायची, तोच खलनायक उतरायचा, आणि पुसून-बिसून त्याच जिन्याला दुसऱ्या घराचा जिना म्हणून दाखवायचे. चंद्र रंगवलेला. वटवाघळाचा दोरा दिसायचा. पांढऱ्या लुगड्यातली भूतबाई हात पुढे करून यायची आणि एका ठिकाणी तिच्या मनगटावर घड्याळ होतं, ते काढायचं राहून गेलं होतं. कामरगावच्या बायकांना हे सगळं दिसत होतं बरं का, त्या काही येड्या नव्हत्या. पण आधी वारा सुटायचा, मग पैंजण वाजायचं, मग दार करकरायचं, आणि आमच्या बाजूच्या दीड-दोनशे बाया एकदम श्वास धरायच्या. भूत आलं, की जी काय किंकाळी उठायची! तिच्यात भीती थोडी आणि मजा जास्त. दिवसभर ज्यांनी हळू बोल, हळू हस एवढंच ऐकलेलं, त्यांना पोटातून ओरडायला मिळायचं आणि वरून कोणी काही म्हणायचं नाही.

त्या पहिल्या रात्री भूत पहिल्यांदा आलं तेव्हा मीही डोळे मिटून ओरडले. आणि त्या कल्लोळात, माझ्या अगदी कानाशी, वहिनीचा आवाज ऐकला. तो जुना, विहिरीवरचा आवाज. ती किंचाळत नव्हती. हाक मारत होती. नाव घेऊन. संध्याकाळी खेळायला गेलेल्या पोरीला दारातून हाक मारावी, अगदी तशी, शेवटचं अक्षर लांबवून... किंकाळी ओसरली तशी तिनं तोंड मिटलं. मी डोळे उघडून पाहिलं. पडद्याच्या उजेडात ती समोर बघत बसली होती, हातात फुटाण्याची पुडी. मला वाटलं आपल्याला भास झाला. मग पुन्हा वारा सुटला, पैंजण वाजलं, बायका ओरडल्या आणि तिनं पुन्हा हाक मारली. त्या पिक्चरमध्ये भूत किती वेळा येतं ते मी मोजलं नाही, पण ती एकदाही चुकली नाही. परतताना अंधारात ती चालता चालता थांबली, माझा हात धरला आणि रडायला लागली. मारुतीच्या पारावर बसून खूप वेळ रडली. मी शेजारी बसले. मला समजलं होतं. उठताना ती म्हणाली, "विमे, घरी सांगू नको वं."

"भेव वाटलं म्हणून रडली म्हणीन," मी म्हटलं.

तिला हसू आलं. सहा महिन्यांनी पहिल्यांदा. "हो, मंग. केवढी भेसूर होती थे! हातात घड्याय घालून आली पाह्य, टाइमवर याचं होतं ना तिले."

दुसऱ्या दिवशी आम्ही परत गेलो. तिसऱ्याही. पण एक अडचण होती, आणि ही अडचण जगात फक्त माझ्या वहिनीलाच आली असेल. पिक्चर जुना झाला की बायका किंचाळणं सोडून द्यायच्या. कुठे भूत येतं ते पाठ झालेलं, मग कोणी हसायचं, कोणी आधीच ओरडून मोकळी व्हायची, कोणी लेकराला पाजत बसायची. किंकाळी विरळ झाली की तिची हाक त्यातून ऐकू यायला लागणार. मग ती तोंडावर पदर धरून नुसती बसायची. तिला नवा पिक्चर पाहिजे होता, आणि तोही भुताचा. गाण्याचे, देवाचे, डाकूचे पिक्चर आले, तंबूकडे तिनं वळून पाहिलं नाही. खालाला मात्र रोज विचारायची, "खाला, दुसरी भूतबाई कधी येते?" खाला म्हणायची, "तेरा कलेजा है या पत्थर, बेटी?"

आणि मग 'अंधी कोठी की वापसी' आला. भोंगा ऐकून वहिनी म्हणाली, "कोठी कुठी गेली होती वं, वापसी व्हायले?" पहिल्या भागात उंच असलेली भूतबाई या भागात बुटकी झाली होती. "मेल्यावर माणूस आटत असीन," ती म्हणाली. अर्धा पिक्चर तर पहिल्या भागातलेच तुकडे होते, नायिका झोपली की तिला ते स्वप्नात दिसायचे. सगळं तेच. वारा, पैंजण, दार. पण कुठे येणार ते नवीन होतं, आणि बायका पुन्हा जीव तोडून ओरडल्या. आज मला लोक हसतात, विमलबाई, तुम्हाला हे टुकार पिक्चर, त्यातून त्यांचे दुसरे-तिसरे भाग, कसे काय आठवतात? मला तर वाटतं जगात त्याच्याइतकं दिलाशाचं दुसरं काही नाही. पहिल्या भागाच्या शेवटी भूतबाईला जाळलेलं असतं, गाडलेलं असतं, मंत्रानं बाटलीत बंद केलेलं असतं. आणि दुसऱ्या भागात ती येते. कशी आली, कोणी विचारत नाही. तिनं यायचंच असतं, म्हणून तर लोक पोतं घेऊन बसलेले असतात.

त्या दुसऱ्या भागाच्या शेवटच्या दिवसांत आई म्हणाली, "आज मी बी येतो. काय पाह्यता तुमी रोज, पाहू तरी." मी वहिनीचा चेहरा पाहिला, काही दिसलं नाही. तंबूत आई बरोबर आमच्या दोघींच्या मध्ये बसली. त्या रात्री गर्दी कमी होती आणि असलेल्या बायकांनी पिक्चर दोन-दोनदा पाहिलेला. मी मनात म्हणत होते, आज नको, वहिनी, आज नको. ती पदर तोंडात धरून बसली होती. दोनदा भूत आलं, दोनदा ती गप्प राहिली. तिसऱ्यांदा भूतबाई जिन्यावरून उतरली, दोन-चार पोरी उगाच ओरडल्या, आणि वहिनीच्या तोंडातून हाक गेली. सगळी गेली. कनातीपर्यंत गेली असेल. आजूबाजूच्या बायका वळल्या. नाव सगळ्यांनी ऐकलं होतं आणि ते कोणाचं हे सगळ्यांना माहीत होतं, निम्म्या जणींनी त्या पोरीला कडेवर घेतलेलं. एकीनं तोंडावर हात ठेवला. मला आईकडे बघायचा धीर होईना.

आई गुडघ्यावर उभी राहिली आणि त्या बायकांवर खेकसली, "पडद्याकडे पाहा ना वं! इकडे काय भूत हाये काय?"

बायका पटापट वळल्या. आई खाली बसली. मग तिनं आपला पदर काढून वहिनीच्या डोक्यावरून घेतला आणि तिचं तोंड आपल्या कुशीत दाबून धरलं. "हळू वं," ती म्हणाली, "हळू, माय... कनातीच्या पल्याड मानसं हायेत." पिक्चर संपेपर्यंत दोघी तशाच बसून होत्या. परतताना आई पुढे चालत होती, कंदील तिच्या हातात. घर यायच्या जरा आधी, मागे न वळता, तिनं विचारलं, "याचा नवा भाग कधी येते म्हंतलं खालानं?"

मला आईचं पुष्कळ काही आवडायचं नाही. हे मात्र मी कधी विसरले नाही. रीत तिनं मोडली नाही, घरात ते नाव मरेपर्यंत घेतलं नाही, घेऊ दिलं नाही. पण पुढची दोन-तीन वर्षं तंबूत भुताचा पिक्चर आला, की "आज भाकरी लवकर टाकजो," एवढं ती म्हणायची. तिसरा भाग एकदा धनजला आधी लागला तर आईनं बाबांना सांगून आमच्यासाठी बैलांची दमणी जुंपवली. बाबा विचारत होते, "भुतासाठी दुसऱ्या गावाले जाता?" आई म्हणाली, "तुमाले नाई समजत." वहिनीचा आवाज परत आला. विहिरीवरून हाका ऐकू यायला लागल्या. तिला कोणी माहेरी सोडलं नाही.

मग धोंडू झाला. आधीचं लेकरू गेलेलं, म्हणून रीतीप्रमाणे त्याचं नाक टोचलं आणि दगड-धोंडा म्हणून धोंडू नाव ठेवलं, म्हणजे देवाची नजर जाऊ नये. शाळेत तो प्रकाश, कारंजात त्याचं गॅरेज आहे तिथेही प्रकाशभाऊ, पण आमच्यासाठी धोंडूच. तुला धोंडू का म्हणतात, हे त्यानं कधी विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही. त्याला आपल्याआधी कोणी होतं हेच माहीत नव्हतं. माझं लग्न झालं, मी वाशीमला आले, शाळेत नोकरी धरली. तंबू यायचे बंद झाले. आई गेली, बाबा गेले, काही वर्षांपूर्वी दादाही गेला. वहिनी धोंडूबरोबर कारंजाला राहायला आली.

भुताचे पिक्चर तिनं सोडले नाहीत. व्हिडिओ आला, सीडी आल्या, मग दक्षिणेकडचे हिंदीत बोलणारे पिक्चर टीव्हीवर रात्री उशिरा लागायला लागले. धोंडू मित्रांना कौतुकानं सांगायचा, "आमच्या मायले पह्यला भाग नाई लागत, सीधा दुसरा-तिसरा लागते." सुनेला आणि नातवंडांना गंमत वाटायची. मी गेले की आम्ही दोघी सगळे झोपल्यावर आवाज बारीक करून बघत बसायचो. आता एका खोलीत दोन म्हाताऱ्या, शेजारी लेकरं झोपलेली, ओरडणार कोण? पण वारा सुटला, दार करकरलं की मी पडद्याकडे न बघता तिच्याकडे बघायची. तिचे ओठ हलायचे. आवाज नाही. नुसते ओठ, शेवटचं अक्षर लांबवून. आम्ही दोघी त्याबद्दल कधी बोललो नाही. एकदाही नाही. मारुतीच्या पारावर जे झालं तेवढंच.

इथवर लिहून ठेवलं होतं, आणि मागच्या आठवड्यात मी तिच्या लुगड्यांची वाटणी करायला कारंजाला गेले. धोंडूच म्हणाला होता, आत्या, तू आल्याशिवाय पेटी उघडणार नाही. उघडली, वाटणी झाली, मला काहीच वाटलं नाही. लुगडी म्हणजे लुगडी. रात्री सगळे झोपले आणि मी तिच्या खोलीत पडले होते, तर धोंडू आला. झोप येत नसेल. त्यानं टीव्ही लावला, आवाज बारीक केला आणि खाली फरशीवर भिंतीला टेकून बसला. कुठल्याशा पिक्चरचा तिसरा भाग चालू होता. तेच, नवीन काही नाही. थोड्या वेळानं तो म्हणाला, "आत्या, मायले हे काहून आवडे वं? मले कधी समजलंच नाई."

मी क्षणभर हिशेब केला. आई नाही, बाबा नाहीत, दादा नाही, वहिनी नाही. त्या पोरीला पाहिलेली, गुळाच्या ढेपेवर डोकं ठेवून झोपल्याचं सोंग करताना पाहिलेली, घरातली मी एकटी उरलेय. मी गेले की ती नव्हतीच, असं होईल. आणि पाठीवरचं लेकरू टिकायचं ते टिकलं होतं. माझ्यासमोर बसलं होतं, पन्नाशीला आलेलं, हाताला ग्रीसचे काळे डाग. मी त्याला सगळं सांगितलं. गोवर, जीप, रीत, तंबू, आजीचा पदर. माझा आवाजही हलला नाही, वर्गात धडा वाचावा तसं सांगितलं. तो ऐकत होता. टीव्हीवर कोण कोण मरत होतं.

"नाव काय होतं तिचं?" त्यानं विचारलं.

तोंड उघडलं पण लवकर निघेना. मग निघालं. "कुंदा."

धोंडूनं टीव्ही बंद केला. खोलीत अंधार झाला. मग तो म्हणाला, "आत्या, शेवटच्या रात्री माय दवाखान्यात सारखी हाका मारून राह्यली होती. कुंदा... कुंदा... अशी. मले समजेना कोण. केनवडला मामाच्या पोराले फोन लावला, थो म्हणे आपल्यात कोणी कुंदा नाई. मंग तिथं एक सिस्टर होती, लहानशी पोट्टी, परमुलखातली, मराठी बी धड येत नव्हती तिले. मी तिच्या हातापाया पडलो. म्हटलं, बाई, तू घडीभर कुंदा म्हणून उभी राह्य. थे उभी राह्यली. मायनं तिचा हात धरला न् मंग गप झाली."

मला रडू आलं. तेव्हा आलं. मातीचं, दहाव्याचं, तेराव्याचं, सगळं एकदम आलं, आणि ते हळू नव्हतं. आतल्या खोलीतला दिवा लागला, सून दारात येऊन उभी राहिली, काय झालं म्हणून विचारायला लागली. धोंडूनं तिला हातानं थांबवलं. तो सरकत सरकत माझ्या खाटेजवळ आला आणि लहानपणी बसायचा तसा खाटेच्या कडेला टेकून बसला. मग त्यानं वर पाहून विचारलं, "आत्या, मंग थे मले ताई लागते ना?"

"हो," मी म्हटलं.

"कुंदाताई," तो म्हणाला.